बडोद्यातल्या जुन्या कपाटातली रंगीत काचेची भांडी: ओळख आणि भाव

मेघना_दांडियाबाजार

दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करायचं चाललंय. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कपाटातून बरीच रंगीत काच निघाली. भंगारवाला सगळ्याचे मिळून जेमतेम पैसे सांगतो, आणि नेटवर बघावं तर तशाच दिसणाऱ्या डिशला कोणी डॉलरमध्ये भाव लावलेला. दोन्हीवर विश्वास बसत नाही. यादी देते:

१. हिरव्या पारदर्शक डिश, ८ नग, व्यास २० सेंमी. काठावर दाबून उठवलेली फुलांची नक्षी. खूण काही नाही.
२. नारिंगी-सोनेरी झळाळीचे उंच पेले, ५ नग. मधला पट्टा खरखरीत. बुडाशी इंग्रजीत ‘जैन’.
३. मधाच्या रंगाच्या कपबश्या, ६ जोड. बुडावर ‘ड्युरालेक्स, फ्रान्स’ आणि एक आकडा. हा आकडा म्हणजे वर्ष का?
४. दुधी पांढरे वाडगे, बाहेरून फुलं. ‘आर्कोपाल, फ्रान्स’. ४ नग.
५. गडद निळी बरणी, अंदाजे लिटरभराची, धातूचं फिरकीचं झाकण.
६. लाल सरबताचे पेले, ४ नग. कापलेल्या नक्षीतून आतली पांढरी काच दिसते, काठ सोनेरी. त्यातला एक जरासा बुटका वाटतो.
७. साधा पांढरा जग, ‘येरा’ अशी खूण. आतून धुरकट झालाय.

यातलं जुनं कोणतं, विकण्यासारखं कोणतं आणि रोज वापरायला हरकत नाही असं कोणतं? घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे. नोटा तपासायचा जांभळा टॉर्चही आहे.

---

भट्टीकाका

मेघनाताई, आधी सगळी भांडी साबणाने धुऊन, कोरडी करून, टॉवेलवर पालथी घाला. रंगाकडे शेवटी बघायचं. एकच हिरवा रंग शंभर कारखान्यांनी काढलाय. बूड, शिवण आणि काठ मात्र सहसा खोटं बोलत नाहीत.

बुडावर बसायचं कडं असतं. खऱ्या वापराच्या भांड्याला त्या कड्यावर बारीक ओरखडे दिसतात: आडवेतिडवे, काही खोल, काही पुसट, आणि फक्त जिथे भांडं टेकतं तिथेच. मुद्दाम ‘जुनं’ केलेल्या मालाला सॅंडपेपरचे एकाच दिशेचे ओरखडे असतात आणि ते खोलगट भागातही गेलेले असतात, जिथे टेबल कधी लागूच शकत नाही. मोबाईलची बत्ती आडवी धरली की लगेच कळतं.

मग शिवण. साच्याच्या दोन-तीन भागांच्या जोडावर काचेत बारीक उठाव राहतो, त्यावरून नख फिरवायचं. दाबून केलेल्या डिशमध्ये नक्षी एका बाजूला उठावदार आणि दुसरी बाजू गुळगुळीत असते. हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला टोचतात, साच्यातल्या नक्षीच्या कडा किंचित गोलसर असतात. बरणीची शिवण गळ्यावरून थेट तोंडाच्या कडेपर्यंत पार गेली असेल तर ती यंत्रावर झालेली. बुडावर मध्यापासून सरकलेलं खडबडीत वर्तुळ दिसलं तर ते काच ओढून घेणाऱ्या बाटलीयंत्राची खूण. असं यंत्र मायकेल ओवेन्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काढलं. त्यामुळे तुमची निळी बरणी ‘हातफुंकी, दीडशे वर्षांची’ असं कोणी म्हणालं तर आधी तोंडाची कड बघा. लहान निळ्या बरण्या तर बहुतेक व्हिक्ससारख्या बामाच्या असतात. लिटरभराची स्वयंपाकघरातली वेगळी, पण यंत्राचीच निघण्याची शक्यता जास्त.

बुडावर किंवा आतल्या तळाला एखादी आखूड सुरकुती दिसली तर घाबरू नका. साच्यात काचेचा गोळा सोडताना तो कात्रीने कापतात, त्याचा तो वण. तो नखाला लागत नाही आणि तिरक्या उजेडात चमकत नाही. तडा आरशासारखा चमकतो. तड्याच्या भीतीने कात्रीचा वण असलेली चांगली भांडी लोक फुकट देऊन टाकतात.

आता तुमच्या यादीवर येतो.

ड्युरालेक्सचा आकडा साच्याचा आहे, वर्षाचा नाही आणि तुमच्या वयाचाही नाही (फ्रान्समधली पोरं शाळेत तोच आकडा बघून एकमेकांचं ‘वय’ ठरवतात). कंपनी १९४५ची, काच तापवून एकदम थंड केलेली म्हणजे टेम्पर्ड. मधाच्या रंगाच्या कपबश्या तिने भरमसाट काढल्या. वापरायला उत्तम, विकायला सामान्य.

आर्कोपालही फ्रान्सचाच, १९५८पासूनचा. दुधी काच पांढरी दिसते ती आतल्या अगदी बारीक कणांमुळे, रंग फासून नाही. फुलं मात्र वरून छापून भाजलेली, म्हणून घासून पुसट होतात. भाव ठरतो तो फुलांच्या तकतकीवर. बोट फिरवून बघा. फुलं खरखरीत किंवा राखाडी झाली असतील तर किंमत निम्म्याहून खाली.

येरा म्हणजे आपल्याच गावची काच, अलेंबिक कंपनीची. बडोद्यातल्या प्रत्येक घरात निदान एक येराचा जग किंवा पेल्यांचा संच असायचाच, त्यामुळे बाहेर त्याचं कोणी नाव काढत नाही. मला वाटतं ते चुकतं. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची (१९०८), ओगलेवाडीच्या ओगल्यांची, बडोद्याच्या अलेंबिकची काच ही आपली भांडी आहेत आणि खूण शाबूत असलेला नग फेकायचा नसतो. ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाची काच कपाटात सापडली तर तीही बाजूला काढा.

जैनचे पेले! ते फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे. या जातीला जगभर कार्निव्हल काच म्हणतात. अमेरिकेत फेंटन कंपनीने १९०७मध्ये सुरू केली. गरम काचेवर लोखंडाच्या किंवा कथिलाच्या क्षारांचा फवारा मारला की झळाळी बसते. म्हणजे नारिंगी रंग काचेत नसतो, पृष्ठभागावर असतो. पेला बुडाकडून बघा, आतली काच साधी पांढरी दिसेल. नक्षीचा काही भाग खरखरीत, धुरकट ठेवून बाकीचा झळाळता, ही फिरोजाबादच्या पेल्यांची ओळखीची पद्धत आहे. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिकेत यांचे संग्राहक आहेत. जैनच्या मासळीच्या आणि हाताच्या पंजाच्या आकाराच्या फुलदाण्याही त्यांना ठाऊक असतात. इथे मात्र लोक ‘फिरोजाबादी’ म्हटलं की नाक मुरडतात. तुमच्या यादीत भंगारवाल्याला चुकूनही द्यायचे नाहीत ते हे पाच.

हल्ली बाजारात नवीन इंद्रधनुषी भांडी येतात. त्यांचा थर बुडापासून काठापर्यंत एकसारखा, आरशासारखा असतो. जुन्याचा थर कुठे दाट कुठे विरळ, साच्याच्या खोलगटीत जरा गडद.

---

यूव्ही_टॉर्च

काकांच्या उत्तरात हिरव्या डिश राहिल्या. दोन चाचण्या घरच्या घरी होतात.

पहिली उजेडाची. नोटा तपासायचा टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरचा असतो. पूर्ण अंधारात डिशवर मारा. युरेनियम असलेली काच स्वतः पेटल्यासारखी गर्द हिरवी दिसते, काठाला सगळ्यात जास्त. नुसता जांभळा उजेड काचेवरून परत आला तर ती चमक नव्हे. शंका राहिली तर ३६५ नॅनोमीटरचा, काळ्या गाळणीचा टॉर्च आणा. तिथे वेगळीच फसगत होते: मॅंगनीज असलेली काचही त्यात फिकट हिरवी चमकते. दोन्हीत जोरात चमकली तर युरेनियम, फक्त ३६५मध्ये मंद चमकली तर मॅंगनीज. नारिंगी-पिवळी काच केशरी चमकली तर ती कॅडमियमची असण्याची शक्यता जास्त.

इथेच लोक घसरतात. हिरवी चमक दिसली की थेट ‘अमेरिकेची डिप्रेशन ग्लास’ म्हणून जाहिरात टाकतात. युरेनियमची काच बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) रीडेल या काचकाराने १८३०च्या दशकातच काढली. इंग्लंड, बोहेमिया, अमेरिका, सगळीकडे ती झाली. दुसऱ्या महायुद्धात युरेनियमवर बंधनं आली, ती १९५८च्या सुमारास सैल झाली आणि नंतर पुन्हा माल निघू लागला. म्हणजे चमक काय घातलंय ते सांगते. कुठे आणि कधी केलं ते सांगत नाही. अमेरिकेतला तो मंदीच्या काळातला माल, म्हणजे साधारण १९२९ ते १९३९चा, यंत्रावर दाबलेला आणि धान्याच्या खोक्यात फुकटसुद्धा वाटला गेलेला. तो बडोद्याच्या वाड्यात येणं अशक्य नाही, पण चेकोस्लोव्हाकियाचा किंवा इंग्लंडचा माल त्याहून सोपा.

नाव लावायचं तर नक्षी तंतोतंत जुळली पाहिजे. डिशमागे काळा कागद धरा, नक्षीचा एक पूर्ण फेर फोटोत घ्या: किती फुलं, किती पाकळ्या, पानाचं टोक कुठल्या दिशेला, कडेला किती कंगोरे. जुन्या साच्यांवरून नंतर पुन्हा माल काढलेला असतो. अमेरिकेच्या फेडरल काच कंपनीच्या माद्रिद नक्षीचंच बघा: १९७६मध्ये तीच नक्षी पुन्हा काढली, तेव्हा नक्षीत ‘७६’ घातलं, पुढे साचे दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर ती खूण राहिली नाही. तिथे रंगाची छटा आणि नक्षीचा धारदारपणा बघूनच ठरवावं लागतं. नाव नाहीच सापडलं तर ‘दाबलेली युरेनियम काच, खूण नाही’ असं लिहा. जाणकार गिऱ्हाईक त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

खुणांतही गोंधळ होतो. जहाजाच्या नांगरावर इंग्रजी एच असेल तर अमेरिकेची अँकर हॉकिंग कंपनी, म्हणजे १९३७नंतरची. मोठ्या एचखाली छोटा ए असेल तर तिथलीच हेझल-अ‍ॅटलस. या दोन खुणा विकणारे सर्रास अदलाबदल करतात. देशाचं नाव मात्र तारखेला मदत करतं: चेकोस्लोव्हाकिया १९१८ ते १९९२, पश्चिम जर्मनी १९४९ ते १९९०, ‘ऑक्युपाइड जपान’ १९४५ ते १९५२.

दुसरी चाचणी घनतेची. तुमचा काटा पुरेसा आहे.

भांडं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचं प्लास्टिकचं भांडं ठेवून काटा शून्य करा. काचेचं भांडं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, आत हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. पेला तिरका करून बुडवलात की हवा निघून जाते. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे त्या काचेचे मिलिलिटर. कोरडं वजन भागिले हा आकडा.

साधी सोडा-चुन्याची काच २.५च्या आसपास येते. प्रयोगशाळेची, ओव्हनची बोरोसिलिकेट २.२३. शिसं असलेली क्रिस्टल २.९ आणि त्यापुढे. उदाहरण: ४५५ ग्रॅमचा वाडगा बुडवल्यावर २०४ दाखवतो, म्हणजे २.२३, बोरोसिलिकेट. आकडा २.४च्या खाली आला आणि भांड्यात हवा अडकली असण्याची शंका असेल तर पुन्हा मोजा; बहुतेक चूक तिथेच होते. लाल पेले या चाचणीला आधी घ्या. त्यांची काच नुसती लाल रंगाच्या पातळ थराची आहे की वेगळी लाल काच चढवलेली, हेही बघा: कापलेल्या रेषेच्या कडेला भिंगातून पाहिलं की चढवलेल्या काचेला जाडी दिसते, रंगवलेल्या थराला नाही.

ड्युरालेक्स खरंच टेम्पर्ड आहे का बघायचं असेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, कप समोर धरा आणि पोलरॉइड गॉगल घालून गॉगल फिरवत बघा. टेम्पर्ड काचेत काळे-पांढरे किंवा रंगीत पट्टे उमटतात.

---

मेघना_दांडियाबाजार

केलं सगळं. हिरव्या आठही डिश घरच्या टॉर्चमध्ये जोरात चमकल्या. एका डिशचं वजन ३९८ ग्रॅम, बुडवल्यावर १५९. म्हणजे २.५.

लाल पेला २१२ ग्रॅम, बुडवून ७०. म्हणजे ३.०३! आणि भिंगातून लाल थराला स्पष्ट जाडी दिसते. उंची मोजली: तीन पेले ११.२ सेंमी, चौथा १०.८. बुटक्याला सोनेरी काठच नाही, हे आता लक्षात आलं.

निळ्या बरणीची शिवण तोंडावरून पार गेलीय. लॅपटॉपसमोर कपांत पट्टे दिसले.

आता भावाचं कोणी सांगेल का?

---

रावपुरा_तराजू

बुटक्या पेल्याचा काठ घासलेला आहे. टवका उडाला की कारागीर अख्खा काठ चाकावर घासून सपाट करतो आणि पॉलिश मारतो. काठ गुळगुळीत होतो, पण उंची चार मिलिमीटरने कमी होते, सोनं जातं, आणि काठाची गोलाई जाऊन तो चपटा, धारेचा होतो. संचातल्या भांड्यांची उंची पट्टीने मोजणं म्हणूनच गरजेचं. विकताना ते लिहून टाका. ‘तीन पूर्ण, एक काठ घासलेला’ असं. लपवलंत आणि गिऱ्हाइकाने मोजलं तर चारही परत येतील.

बाकी तीन लाल पेले मात्र यादीतली चांगली जिन्नस. शिश्याची काच, वर लाल काच चढवून कापलेली, हे बोहेमियन पद्धतीचं काम आहे. कुठलं हे खुणेशिवाय ठामपणे सांगू नये, पण ‘बोहेमियन पद्धतीचे’ म्हणता येतं.

मोडतोड आधी शोधा, भाव नंतर. कापसाचा बोळा काठावरून हलकेच ओढा. डोळ्याला न दिसणाऱ्या टवक्यात कापसाचे धागे अडकतात. दुरुस्तीला वापरलेला डिंक आणि इपॉक्सी तुमच्या टॉर्चमध्ये बहुतेकदा निळसर-पांढरं चमकतं. विकत घेताना एक खेळ ओळखा: धुरकट पडलेल्या काचेला तेलाचा हात फिरवला की ती तात्पुरती लख्ख दिसते. भांडं हातात बुळबुळीत लागलं तर साबणाने धुऊन, कोरडं करूनच किंमत बोला.

भाव म्हणजे कोणी मागितलेला आकडा नव्हे. लिलावाच्या संकेतस्थळांवर ‘विकले गेलेले’ अशी वेगळी गाळणी, म्हणजे फिल्टर, असते. ती लावा आणि मागच्या तीन महिन्यांतले सारखे नग बघा: नक्षी सारखी, रंग सारखा, माप सारखं, मोडतोड सारखी. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, मधल्यांकडे लक्ष द्या. मग त्यातून पोस्टाचा खर्च, संकेतस्थळाचं कमिशन आणि मोडून परत येण्याची जोखीम वजा करा. समजा एक डिश परदेशात ३,००० रुपयांना विकली गेलेली दिसते. इथून पाठवायला २,००० लागले तर तुमच्या डिशची इथली किंमत ३,००० नाहीच. डॉलर बघून हुरळून जायचं नाही ते यामुळे. दुकानदाराला विकलंत तर तो विक्री-किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत देईल. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, त्याला माल वर्षभर सांभाळायचा असतो.

संचाचं गणित वेगळं चालतं. कपबशीत एकटी बशी जवळजवळ बिनभावाची, एकटा कप थोडा बरा, जोड मात्र चांगली. आठ डिश म्हणजे आठ सुट्या डिशपेक्षा जास्त, कारण जेवणाच्या टेबलासाठी गिऱ्हाईक सहा किंवा आठच मागतं. पाच पेले म्हणजे अडचण. सहावा मिळेपर्यंत थांबा, नाहीतर संग्राहकाला सुटे द्या. संग्राहक नक्षीसाठी एकच घेतो, त्याला आकड्याचं काही नाही. झाकण असलेल्या भांड्यात निम्मी किंमत झाकणाची असते. निळ्या बरणीचं झाकण मूळचं आहे का बघा: आटे घट्ट बसतात का, की एका बाजूला चढतात.

तुमच्या यादीत मी असा क्रम लावीन: लाल तीन पेले आणि जैनचे पाच एका पातळीवर, मग हिरव्या आठ डिश संचाने, मग आर्कोपाल (फुलं तकतकीत असतील तर), मग निळी बरणी. ड्युरालेक्स आणि येरा विकायला काढू नका. पैसे नगण्य आणि भांडी कामाची. कोणाला वाटेल की येरा स्वस्तात जातंय तर ठेवून द्यावं म्हणजे पुढे भाव येईल. त्या भरवशावर घरात जागा अडवू नका. काकांना आवडतं म्हणून ठेवायचं असेल तर एक ठेवा, दहा नको.

विकायचं कुठे? गावात एकगठ्ठा विकलं तर भंगाराचाच भाव येतो, कारण घेणारा वेगळं काढून विकतो. वेगवेगळं विका. मुंबईच्या चोर बाजारात किंवा अहमदाबादच्या रविवारी गुजरीत भाव समजण्यासाठी फिरा, पण पहिल्याच दिवशी माल घेऊन जाऊ नका, फोटो न्या. फोटो पाच हवेत: समोरून, बूड, खूण जवळून, सगळ्यात वाईट टवका, आणि पट्टी शेजारी ठेवून. अंधारातला हिरवा चमकता फोटो एकच पुरे. सगळेच तसले टाकले तर गिऱ्हाईक विचारतो की उजेडात काय लपवताय.

परदेशी पाठवायचा विचार असेल तर कायदा लक्षात ठेवा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि तिची खाजगी निर्यात चालत नाही. तुमच्या यादीत बहुतेक काही शंभर वर्षांचं नाही, पण लाल पेल्यांबद्दल शंका आली तर पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊनच पार्सल करा. जाहिरातीत हौसेने ‘दीडशे वर्षं जुने’ लिहिलंत तर कस्टममध्ये तेच तुमच्या अंगाशी येईल.

पॅकिंगमध्ये डिश आडव्या ठेवू नका, उभ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळा कागद. एका पेल्यात दुसरा घालू नका. खोक्यात खोकं, दोन्हींच्या मध्ये सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण. सोनेरी काठाला छापील वर्तमानपत्र लावू नका, शाईचे डाग पडतात. जुना सुती पंचा बरा.

---

मांडवीची_सून

वापरायचं आणि स्वच्छतेचं मी सांगते.

येराचा जग धुरकट आहे तो दोनपैकी एका कारणाने. एकतर पाण्यातला क्षार बसलाय. बोअरचं पाणी असेल तर हेच जास्त शक्य. नाहीतर काचच खराब झालीय, म्हणजे वर्षानुवर्षं ओलसर राहून पृष्ठभागातून सोडा झिरपून गेलाय. ओलं केलं की दोन्ही धुकं गायब होतात, त्यामुळे ओलं करून काही कळत नाही. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड (किराण्याच्या दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं) विरघळवून जग रात्रभर भरून ठेवा. सकाळी धुऊन, कोरडा करून बघा. क्षार असेल तर निघेल, थोडा राहिला तर पुन्हा एकदा. दोन वेळा करूनही धुकं तसंच असेल तर ती काच गेलेली. घासू नका, राखेने तर मुळीच नाही. हेच पाणी लाल पेल्यांच्या सोनेरी काठाला, आर्कोपालच्या फुलांना आणि जैनच्या झळाळीला लावू नका. जैनच्या पेल्यांना सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स. डिशवॉशर त्यांचा शत्रू. आर्कोपालची फुलं आणि सोनेरी काठही त्याने मरतात.

धुताना सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा. थंड काचेवर उकळतं पाणी नाही आणि गरम काचेवर नळाचं पाणी नाही. साध्या काचेत तापमानाचा फरक एकदम आला की एक बाजू फुगते, दुसरी तशीच राहते आणि तडा जातो. हिरव्या डिश आणि साधे पेले याला सर्वात कच्चे. ड्युरालेक्समध्ये चहा बिनधास्त, पण कपावर खोल ओरखडा दिसला की तो काढून टाका. टेम्पर्ड काच वरवर ठीक दिसत असते आणि महिन्यांनी कपाटात आपोआप चुरा होते, ते अशा ओरखड्यापासून.

एकात एक अडकलेले पेले ओढू नका. आतल्यात बर्फाचं पाणी भरा, बाहेरचा कोमट पाण्यात उभा करा, दोन मिनिटांत सुटतात. बरणीचं झाकण अडलं तर आट्यांवर गोडेतेलाचे दोन थेंब सोडून एक रात्र ठेवा आणि धातू कोमट करून फिरवा.

लाल पेल्यांची घनता ३.०३ आली म्हणजे त्यात भरपूर शिसं आहे. शिसं आंबट आणि मद्य यांत जास्त उतरतं. लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत त्यात नको, मुलांना तर अजिबात नको. समारंभात एखादा घोट पाणी वेगळं, साठवणं वेगळं. युरेनियमच्या डिश हाताळायला धोक्याच्या नाहीत. त्यात घातलेलं प्रमाण कमी असतं आणि ते काचेत बांधलेलं असतं. फक्त लोणचं, चिंचेची चटणी, आंबट फळं साठवायला त्या नकोत. सुकामेवा, नारळाच्या वड्या, बिस्किटं ठेवा. आर्कोपालला सोनेरी रेघ असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. फुलं आतल्या बाजूला असतील तर त्यात गरम आंबट पदार्थ नको, तुमच्या वाडग्यांना ती बाहेरून आहेत म्हणून कढी चालेल.

निळ्या बरणीचं धातूचं झाकण आतून गंजलंय का तेही बघा. गंज असेल तर डाळ-तांदूळसुद्धा थेट ठेवू नका, झाकणाखाली बटर पेपरची चकती घाला. मीठ तर त्या बरणीत कधीच नाही, झाकण आठवड्यात खाऊन टाकेल.

---

मेघना_दांडियाबाजार

बरणीत मीठच होतं! आटे त्यामुळेच खाल्लेत. जगात लिंबूफूल भरून ठेवलंय. जैनच्या पेल्यांच्या बुडांचे आणि खरखरीत पट्ट्याचे फोटो उद्या टाकते, काका. नक्षीचं नाव ओळखता आलं तर सांगा.

---

भट्टीकाका

टाका. पट्टी शेजारी ठेवून टाका. आणि पेल्याच्या आतून बल्बचा उजेड मारून एक फोटो घ्या, साच्याचे जोड किती आहेत ते मोजता येईल.